लीनतेचें मूळ कोठें आहे?

मनुष्याच्या अंगच्या दोषांत गर्व हा मोठा चमत्कारिक दोष आहे. रागीट मनुष्य आपण रागीट आहों हें कबूल करितो. आळशी मुलगा हंसत हंसत आपल्या आळसाच्या गोष्टी सांगतो. फार काय, खोटें बोलणाऱ्यासही एखादे वेळीं लाज वाटून तो आपला खोटेपणा पदरीं घेतो. परंतु "मी गर्विष्ठ आहें" असें आपण होऊन सांगणारा विद्यार्थी, वीस वर्षें शिकविण्याचें काम करीत असतां, आम्हांस जवळजवळ आढळलाच नाहीं. दुसऱ्याचा गर्व मात्र प्रत्येकास दुरून दिसतो आणि सलतो. जो रोग शेजाऱ्याच्या अंगीं ताबडतोब ओळखूं येतो व स्वतःच्या अंगीं मुळींच दिसत नाहीं, त्याचें औषध करणें कठीण असावें यांत नवल तें काय? म्हणून वार्षिक अंकांत, जेथें शाळेच्या विजयांच्या व पारितोषिकांच्या याद्या छापून येतात, तेथेंच या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

आरंभींच एक शंका दूर केली पाहिजे. कित्येक पालक म्हणतात, "मास्तर, मुलाला नम्रता शिकवा हें ठीक, पण या चढाओढीच्या दिवसांत नम्र मुलगा मागें पडेल. त्याच्या अंगीं थोडा ताठा हवाच." हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ज्याला आपल्या अंगच्या गुणांची जाणीव नाहीं, तो त्या गुणांचा उपयोग तरी काय करणार? परंतु येथें दोन भिन्न वस्तूंस एकच नांव दिलें जातें. गणित आपणांस चांगलें येतें हें ज्या मुलीस ठाऊक आहे ती गर्विष्ठ नव्हे. ती खरें तेंच जाणते. शेजारच्या बाकावरील मुलीस तें येत नाहीं यांत तिला सुख वाटूं लागलें, म्हणजे गर्वाचा आरंभ झाला. जाणीव कामाकडे पाहते. गर्व शेजाऱ्याकडे पाहतो.

प्रभु येशूनें मंदिरांत प्रार्थनेस गेलेल्या दोन मनुष्यांचा जो दाखला सांगितला, व जो लूकाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत आहे, त्याचें मर्म हेंच आहे. परूशी मनुष्यानें आपल्या उपासांची व दशमांशाची जी यादी देवापुढें वाचली, ती खोटी होती असें येशूनें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तो खरोखरच उपास करीत असेल, खरोखरच दशमांश देत असेल. त्याची यादी खरी होती, पण त्याची प्रार्थना प्रार्थना नव्हती. कारण देवासमोर उभा असतां त्याचें लक्ष दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे लागलें होतें. देवाच्या पवित्रतेशीं स्वतःस ताडून पाहण्याऐवजीं त्यानें शेजाऱ्याशीं ताडून पाहिलें, आणि अर्थातच त्या मापानें तो उंच ठरला. जकातदारानें कोणाशींच तुलना केली नाहीं. त्याच्या प्रार्थनेंत एक देव होता आणि एक पापी होता. तिसरा कोणी नव्हता. तोच नीतिमान ठरून घरीं गेला.

यावरून गर्वाची व्याख्या आम्ही अशी करितों: जें मिळालें तें आपणच मिळविलें असें मानणें, आणि ज्याला तें मिळालें नाहीं त्याला हलका लेखणें, याचें नांव गर्व. विद्यार्थिमित्रहो, जरा विचार करा. तुमची बुद्धि तुम्हीं कोणत्या बाजारांतून विकत आणिली? निरोगी शरीर, वेळेवर मिळणारें अन्न, अभ्यासाला बसावयास एक कोपरा, चुकलें तें पुन्हां समजावून सांगणारी आई, यांतील कोणती वस्तु तुम्हीं स्वतः निर्माण केली? सकाळीं उठून घरचें पाणी भरावें, धाकट्या भावंडांस न्हाऊं घालावें, मग दोन कोस चालून शाळेंत यावें, आणि परीक्षेंत शेंकडा साठ गुण मिळवावे, असा एखादा मुलगा वर्गांत असतो. ज्याच्या हातांत सर्व कांहीं आयतें येतें अशा दुसऱ्या मुलास नव्वद गुण मिळतात. दोघांचेही गुण कौतुकास पात्र आहेत. पण नव्वदवाल्यानें साठवाल्याकडे तुच्छतेनें पाहिलें, तर त्याला हिशेब मुळींच समजला नाहीं असें म्हणावें लागेल, मग गणितांत त्याला शंभरांपैकीं शंभर कां मिळाले असेनात!

आतां या रोगावर लोक सामान्यतः जीं दोन औषधें देतात, त्यांचा विचार करूं. पहिलें औषध अपमानाचें. "गर्वाचें घर खालीं" ही आपली म्हण खरी आहे. परंतु तें घर आपणच पाडावयास निघावें असा तिचा अर्थ नाहीं. मूल जरा ताठ्यानें वागूं लागलें, कीं त्याला चारचौघांत लाजवावें, पाहुण्यांपुढें त्याच्या चुका सांगाव्या, वर्गांत उभें करून त्याची फजिती करावी, म्हणजे तें वठणीवर येईल, अशी पुष्कळ शिक्षकांची व पालकांची समजूत असते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. अशा मुलांपैकीं कांहीं कायमचीं खचतात, आणि उत्तर येत असूनही पुढें हात वर करीत नाहींत. कांहीं तोंडानें गप्प राहतात व मनांत दुप्पट ताठ होतात. अपमानानें मान वांकते, मन वांकत नाहीं.

दुसरें औषध खोट्या नम्रतेचें. गाणें म्हणावयास सांगितलें, कीं "मला कांहीं येत नाहीं हो" असें म्हणून सात वेळां आढेवेढे घ्यावे, आणि आठव्या वेळीं सर्वांत पुढें येऊन उभें राहावें, ही नम्रता नव्हे. एका स्तुतीच्या ठिकाणीं दोन स्तुति मिळविण्याची ती युक्ति आहे. शिवाय देवानें दिलेला गुण मुळीं दिलाच नाहीं असें म्हणणें, हा दात्याचा उपमर्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील ज्या चाकरानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें, तो लीन होता असें कोणी समजूं नये. तो धन्याला भीत होता, कारण धन्याच्या मनाची त्याला ओळखच पटली नव्हती. लीनता म्हणजे स्वतःविषयीं खोटें बोलणें नव्हे.

मग खरें औषध कोणतें? आमच्यापैकीं पुष्कळांचीं घरें शेतकऱ्यांचीं आहेत. जोंधळ्याचें भरलेलें कणीस लवतें व पोंचट कणीस ताठ उभें राहतें, हें खेड्यांतील प्रत्येक मुलानें पाहिलें आहे. पण पुढची गोष्ट आपण विसरतों. कणीस बाहेरून हातानें वांकवूं गेलें तर तें मोडतें. आंत दाणा भरला म्हणजे तें आपोआप लवतें. तेव्हां मुलाची मान कशी वांकवावी हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याच्या मनांत कोणता दाणा भरावा, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आहे, असें आम्हांस वाटतें. वधस्तंभाच्या आदल्या रात्रींचें तें भोजन. आंत येणाऱ्यांचे धुळीनें भरलेले पाय धुणें हें त्या देशांत हलक्या चाकराचें काम. आणि त्या माडीवर चाकर कोणी नव्हता. बारा शिष्यांपैकीं एकही उठला नाहीं. लूक तर सांगतो कीं त्याच रात्रीं आपणांमध्यें मोठा कोण, याविषयीं त्यांचा वाद चालला होता. अशा वेळीं प्रभु स्वतः उठला, कमरेस रुमाल बांधला, गंगाळांत पाणी ओतलें, व एकेकाचे पाय धुऊं लागला. ही गोष्ट आपण सर्वांनीं शंभर वेळां ऐकिली आहे. परंतु योहानानें ती सांगण्यापूर्वीं जें एक कारण लिहून ठेविलें आहे, तिकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. तो म्हणतो कीं, सर्व कांहीं पित्यानें आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों आहों व देवाकडेच जाणार आहों, हें येशूला ठाऊक होतें. आणि हें ठाऊक असतांना तो उठला.

वाचकहो, लीनतेचें सर्व रहस्य या जाणण्यांत आहे. ज्याला आपलें स्थान पित्यापाशीं पक्कें आहे हें कळलें, त्याला तें स्थान राखण्यासाठीं धडपड करावी लागत नाहीं. तो खालीं बसला तरी त्याचें कांहीं कमी होत नाहीं. शिष्यांचें तसें नव्हतें. आपण उठलों, तर आपणच सर्वांत लहान ठरूं, ही त्यांना भीति. म्हणून बाराही जण जागच्या जागीं बसून राहिले. गर्विष्ठ मनुष्य हा बहुधा भ्यालेला मनुष्य असतो. आपली किंमत लोकांच्या तोंडावर अवलंबून आहे असें त्याला वाटतें, आणि म्हणून तो रात्रंदिवस ती किंमत वाढवीत व राखीत बसतो. देवावरील भरंवसा ही भीति काढून टाकतो. यासाठीं आम्ही म्हणतों कीं, लीनता ही अपमानाची मुलगी नव्हे. ती भरंवशाची मुलगी आहे.

या गोष्टीचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करितां आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें तें आपल्या मुलीस दिलें. पुढें आईबाप व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत वारलीं. रमाबाई व त्यांचे बंधु पायीं प्रवास करीत करीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं वीस वर्षांच्या या मुलीचें शास्त्रज्ञान पाहून तिचा 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनीं गौरव केला. ज्या काळीं मुलीनें नुसतीं मुळाक्षरें गिरविलीं तरी लोक नांवें ठेवीत, त्या काळचा हा मान. गर्व करावयास याहून मोठें कारण कोणास मिळालें असेल?

१८८३ सालीं इंग्लंडांत बाईंनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता, असा त्या लिहिण्याचा भावार्थ आहे. मतें बुद्धीनें पारखून झालीं होतीं. स्वतःस देवाच्या हातीं सोंपवून देणें तेवढें राहिलें होतें. सर्व जग जिला पंडिता म्हणतें, तिनें सर्व जगापुढें असें लिहावें, यास केवढें धैर्य पाहिजे! हें धैर्य स्वतःवरील विश्वासानें येत नाहीं. देवावरील विश्वासानें येतें.

आणि हा भरंवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हतें. अमेरिकेंतील मित्रमंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें जें वचन दिलें होतें, त्याची मुदत १८९८ सालीं संपली. त्यापूर्वींच, १८९६–९७ च्या दुष्काळांत, बाईंनीं मध्यप्रांतांत जाऊन उपाशी व निराधार अशा शेंकडों मुली व स्त्रिया आणून पुण्याजवळ केडगांव येथें त्यांस आसरा दिला होता. मदतीचें बंधन संपलें, तोंडें मात्र वाढलीं होतीं. बाईंनीं देवाची प्रार्थना केली, आणि विहिरी खणविल्या. प्रार्थना केली, आणि मळा लाविला. प्रार्थना केली, आणि मुलींस विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें. जो देवावर भरंवसा ठेवितो त्याचे हात इतरांपेक्षां अधिक चालतात, कारण त्याच्या मनावरचें ओझें कमी झालेलें असतें.

परंतु बाईंच्या लीनतेचा जो नमुना आम्हां शिक्षकांस सर्वांत अधिक वाटतो, तो निराळाच आहे. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. ज्यांच्या जिव्हेवर संस्कृत भाषा लहानपणापासून खेळत होती, त्यांनीं मनांत आणिलें असतें तर या भाषांतरांत असे शब्द घातले असते कीं पंडितांनींही कोश उघडावा. त्यांनीं नेमकें उलट केलें. केडगांवच्या आश्रमांतील खेडवळ, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांस जें समजेल तें मराठी त्यांनीं पत्करलें, व जड शब्द निवडून निवडून दूर ठेविले. या भाषांतराचे खिळे त्याच आश्रमांतील मुलींनीं जुळविले. १९१९ सालीं सरकारनें बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. पण त्यांच्या शेवटच्या वर्षांचा ध्यास पदकांचा नव्हता, या मुद्रितांचा होता. १९२२ सालीं त्यांचें देहावसान झालें, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात् बाहेर पडला. विद्वानानें आपली विद्वत्ता दाखविणें सोपें आहे. दुसऱ्यास समजावें म्हणून ती झांकणें कठीण आहे. तें ज्याला साधलें, त्यानें कमरेस रुमाल बांधला असें आम्ही म्हणूं.

दुसरें उदाहरण परदेशांतून आपल्याकडे आलेल्या एका मनुष्याचें. विल्यम केरीसाहेब १७६१ सालीं इंग्लंडांत एका गरीब घरांत जन्मले, व तरुणपणीं जोडे शिवण्याचा धंदा करून पोट भरीत. १७९३ सालीं ते बंगाल्यांत आले, आणि १८०० पासून सेरामपूर येथें राहिले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली, संस्कृत व मराठी या भाषा शिकवीत. मराठीचें एक व्याकरण त्यांनीं १८०५ सालीं, व एक कोश १८१० सालीं छापून प्रसिद्ध केला. ज्या वैजनाथ पंडितांपाशीं ते मराठी शिकले, त्यांचें ऋण त्यांनीं छापून मान्य केलें आहे. त्यांची एक गोष्ट सांगतात. मोठ्या अधिकाऱ्यांच्या मेजवानींत कोणी एका सरदारानें, केरीसाहेबांस ऐकूं जाईल अशा बेतानें, विचारिलें, "हे केरी पूर्वीं जोडे तयार करीत, खरेंना?" केरीसाहेबांनीं उत्तर केलें, कीं नाहीं साहेब, जोडे तयार करण्याइतका मी मोठा नव्हतों, मी जुने जोडे सांधीत असें. ज्या बाणानें त्यांना घायाळ करावयाचें, तो त्यांनीं शांतपणें उचलून मेजावर ठेविला. ज्या देशांत चामड्याचें काम करणाऱ्यास गांवाबाहेर बसविलें, त्या देशांतील मुलांनीं ही गोष्ट विशेष मनन करण्यासारखी आहे.

पण अपमान सोसणें एक, व आपल्या हातचें काम डोळ्यांदेखत नाहींसें होणें दुसरें. १८१२ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस सायंकाळीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे, आणि ज्या बहुभाषी कोशासाठीं केरीसाहेबांनीं वर्षानुवर्षें श्रम केले त्याचें हस्तलिखित, सर्व जळून गेलें. साहेब त्या वेळीं कलकत्त्यांत होते. परत येऊन त्यांनीं ती राख पाहिली. त्या आठवड्याच्या उपासनेंत त्यांनीं उपदेशासाठीं शेहेचाळिसावें स्तोत्र घेतलें. सर्व उलथापालथ होत असतां शांत राहून देव तोच देव आहे हें ओळखावें, असा त्या वचनाचा आशय. पुढें एका पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, आम्हीं अधिक सरळपणें देवाकडे पाहावें म्हणून त्यानें आम्हांस खालीं बसविलें आहे. मग राखेंतून वितळलेली धातु गोळा करून नवे खिळे ओतविले, व काम पुन्हां सुरू झालें. ज्याला आपलें काम हीच आपली किंमत वाटते, तो काम जळलें म्हणजे स्वतःही जळतो. ज्याला काम देवाचें वाटतें, तो दुसऱ्या दिवशीं राख चाळावयास लागतो. १८३४ सालीं मरणशय्येवर असतां त्यांनीं भेटीस आलेल्या तरुण डफसाहेबांस विनविलें कीं, माझ्यामागें केरीविषयीं बोलूं नका, केरीच्या तारणाऱ्याविषयीं बोला.

ही थोरांची चरित्रें झालीं. आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या ख्रिस्ती मंडळींत एक गर्व अजून जिवंत आहे, व त्याविषयीं गप्प बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. प्रभूच्या मेजाजवळ आपण एका पंक्तीस बसतों. पण लग्नाची बोलणीं निघालीं, कीं "आम्ही मूळचे अमुक जातीचे" हें वाक्य दबक्या आवाजांत कां होईना, निघतेंच. शहरांतील मंडळी खेड्यांतील मंडळीस नाक मुरडते; ज्याच्या आजोबांनीं आधीं बाप्तिस्मा घेतला, तो ज्याच्या बापानें नंतर घेतला त्याला नवखा म्हणतो. कृपेचा सुद्धां वडिलोपार्जित वतनासारखा हिशेब! कै. लक्ष्मीबाई टिळक यांनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत स्वतःच्या सोंवळ्या-ओंवळ्याची व तें हळूहळू कसें गळून पडलें याची हकीकत सांगितली आहे. ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें हा झगडा चालला होता. विशेष हें, कीं बाई तो सर्व वृत्तांत स्वतःस हंसत हंसत सांगतात. ज्याला स्वतःवर हंसतां येतें, त्याचा गर्व बराचसा उतरला असें खुशाल समजावें.

या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात, व त्यांच्या पालकांसही हा लेख वाचावासा वाटेल अशी आमची आशा आहे. आपल्या संतांनीं याच भूमींत लहानपणाची थोरवी गाइली आहे. म्हणून लीनता हा कोणास उपरा पाहुणा नाहीं. आम्ही तिचें मूळ ख्रिस्ताच्या रुमालापाशीं दाखविलें, कारण तेथें तें आम्हांस सांपडलें.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. निकालाच्या दिवशीं मूल घरीं आलें, कीं पहिला प्रश्न "अमक्याला किती मिळाले?" हा विचारूं नये. त्या एका प्रश्नानें आपण मुलास परूशी मनुष्याची प्रार्थना शिकवितों. गुण अधिक असतील तर तें शेजाऱ्यास हलका लेखील. कमी असतील तर त्याचा मत्सर करील. त्याऐवजीं विचारावें, "तुला काय समजलें? काय राहिलें? कोणी तुला मदत केली? तूं कोणाला केलीस?" आणि आजकाल निकाल लागतांच ते आंकडे मोबाइलवरून सर्व गणगोतांस कळविण्याची जी घाई होते, तीही थोडी आवरावी. मुलाला आपली किंमत आईबापांच्या प्रेमांत पक्की आहे असें वाटलें पाहिजे. पहिला आला तरी तीच, शेवटचा आला तरी तीच. स्वर्गांतील पित्यावर भरंवसा कसा ठेवावा, हें मूल प्रथम घरांतील पित्यावरून शिकतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं चार सोप्या गोष्टी सांगतों. बक्षीस दुसऱ्यास मिळालें, तर पहिली टाळी तुमची वाजूं द्या. प्रथम ती कठीण जाईल, मग सोपी होईल. जें येत नाहीं तें येत नाहीं म्हणा, आणि ज्याला येतें त्याच्याकडून, तो तुमच्याहून लहान असला तरी, शिकून घ्या. आठवड्यांतून एक काम असें करा कीं तें कोणीं केलें हें कोणास कळूं नये. वर्गांतील फळा पुसणें, पाण्याचा माठ भरणें, पडलेला कागद उचलणें, कांहींही चालेल. आणि शाळा झाडणाऱ्या बाईंस व शिपाईदादांस त्यांच्या नांवानें नमस्कार करा. ज्यांचे हात तुमच्या आधीं शाळेंत येतात व तुमच्या मागून जातात, त्यांच्यापुढें मान लवविणें ही पाय धुण्याचीच एक रीत आहे.

या गोष्टी केल्या म्हणजे आपण लीन झालों असें मात्र समजूं नका. कारण आपल्या लीनतेचा गर्व हा गर्वाच्या सर्व प्रकारांत अधिक चिवट आहे. लीन मनुष्य आपल्या लीनतेचा विचारच करीत नाहीं. शेजारी किती उंच आहे हें मोजण्याचें तो सोडून देतो, पित्यानें दिलेलें काम हातीं घेतो, व त्यांत रमून जातो.

यंदा या शाळेंतून जे विद्यार्थी बाहेर पडत आहेत, त्यांस जग लवकरच आपल्या तराजूंत घालून पाहील. कधीं तें त्यांना फार जड म्हणेल, कधीं फार हलकें. त्या दोन्ही वेळीं तें मोजमाप त्यांनीं फार मनास लावून घेऊं नये, आणि ज्यानें त्यांना निर्माण केलें त्याच्या हातावर मन स्थिर ठेवावें. त्या हाताला धरून जो चालतो, त्याला खालीं बसावयाची लाज वाटत नाहीं व वर चढावयाची भीति वाटत नाहीं. देव आमच्या सर्व मुलांमुलींस व त्यांच्या घरच्या मंडळींस असें मन देवो, हीच आमची प्रार्थना.